मला आल्बबद्दल विचारा

गावाकडे गेलं की सगळे विचारतात, "जर्मनी कशी हाय गं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. बर्लिन मी पाहुणीने पाहावं तेवढंच पाहिलं आहे. हॅम्बुर्गच्या बंदराशी किंवा बव्हेरियातल्या बर्फाच्या डोंगरांशी माझी ओळख नाही. जर्मनी माझ्यासाठी एक व्हिसा आहे, पगारातून कापला जाणारा कर आहे, आरोग्यविम्याचं कार्ड आहे. या सगळ्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, पण कार्डावर कोणाचा जीव जडत नाही. मला आल्बबद्दल विचारा. मग जेवणं उरकून अंगणात बाजा पडेपर्यंत मी बोलत राहीन.

श्वेबिशे आल्ब हे दक्षिण जर्मनीतलं चुनखडीचं पठार आहे. लांबी सुमारे २०० किलोमीटर, रुंदी चाळीसेक. उत्तरेच्या अंगाने ते कड्यासारखं एकदम उभं राहतं आणि दक्षिणेला हळूहळू उतरत डॅन्यूब नदीपाशी संपतं. सर्वांत उंच जागा १०१५ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा बरीच कमी. कड्याच्या पायथ्याला, सफरचंदांच्या आणि चेरीच्या बागांमध्ये कीर्शहाइम नावाचं छोटं शहर आहे, तिथे मी राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकचा किल्ला दिसतो. नोकरी श्टुटगार्टच्या बाजूला, मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत, सॉफ्टवेअर तपासण्याची. माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडच्या पुढे.

माझं म्हणणं असं आहे, की परदेशात राहणाऱ्या माणसाने देशावर प्रेम करण्याच्या खटाटोपात पडू नये. देश फार मोठा असतो आणि त्याचे सगळे व्यवहार कागदावर चालतात. त्यापेक्षा एक मुलूख धरावा. चार-दोन तालुक्यांएवढा, पायी फिरता येईल असा. तिथलं पाणी कुठून येतं, जमीन कसली आहे, लोक काय पेरतात, कोणत्या साली तिथे काय घडलं, हे जाणून घ्यावं आणि मग त्याच्यावर जीव लावावा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आल्बवर माझा जीव जडला तो पाण्यामुळे. माणच्या मुलीचा दुसऱ्या कशाने जडणार? लग्नानंतर मी इकडे आले, तेव्हा आजीचा फोनवरचा पहिला प्रश्न होता, "तिकडं पाण्याची सोय कशी हाय?" नळाला चोवीस तास पाणी आहे, असं मी सांगितलं, तेव्हा ती गप्प झाली. तिच्या आयुष्याची कितीतरी वर्षं डोक्यावरच्या हंड्याखाली गेली होती. पण हे नळाचं पाणी येतं कुठून, ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. पुढे कळलं, की श्टुटगार्टला स्वतःचं पाणी पुरत नाही. ते बोडनझे सरोवरातून आणि डॅन्यूबच्या खोऱ्यातून पाइपाने येतं. सरोवराच्या योजनेचं पाणी १९५८ पासून सुरू झालं. आणि वर आल्बवर तर त्याच्याही कितीतरी आधी एक मोठी गोष्ट घडून गेली आहे.

आल्बवर पाऊस माणच्या जवळजवळ दुप्पट पडतो. तरी दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत हे पठार पाण्याला महाग होतं. दोष चुनखडीचा. पडलेलं पाणी भेगांमधून खाली निघून जातं, जमिनीच्या पोटात गुहा कोरत वाहतं आणि थेट पायथ्याच्या दरीत झरा होऊन वर येतं. वरच्या गावांना ओढा नाही आणि विहीर खणावी तर पाणी शे-दोनशे मीटर खाली. मग लोक छपरावरचं पाणी हौदात साठवायचे. छपरं पेंढ्याची, त्यामुळे पाणी काळपट यायचं. जनावरांसाठी गावाच्या मधोमध चिकणमातीने लिंपलेलं तळं असायचं. त्याला तिथे ह्यूले म्हणतात. उन्हाळा लांबला की तळं आटायचं, हौद तळाला जायचे, आणि माणसं घोडे-बैल जुंपून पिंपं घेऊन दरीत उतरायची. एका खेपेत दिवस जायचा. गावाला आग लागली तर विझवायला पाणी नसायचं.

हे सगळं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. युरोपात कोणी पाण्यासाठी असं वणवण फिरलं असेल, हे माझ्या मनातच कधी आलं नव्हतं. आपल्याला वाटतं, दुष्काळ ही आपलीच मिरास.

कार्ल एमान नावाच्या अभियंत्याने यावर जो उपाय काढला, त्याला आमच्या तालुक्यातलं शेंबडं पोरही नाव देऊ शकेल: उपसा योजना. दरीतल्या झऱ्याचं पाणी वर चढवायचं, आणि ते चढवायला दरीतल्याच नदीची ताकद वापरायची. नदीच्या प्रवाहावर पाणचक्क्या फिरणार, पाणचक्क्यांवर पंप चालणार, आणि पंप पाण्याला दोनशे मीटरहून उंच ढकलून पठारावरच्या टाकीत नेणार. तिथून गावोगाव नळ. विजेचा जमाना अजून यायचा होता. गंमत म्हणजे विरोध केला तो तहानलेल्या गावांनीच. पाणी डोंगर चढेल यावर कोणाचा विश्वास बसेना, आणि खर्चाचा बोजाही कोणाला नको होता. अखेर मोजक्या गावांनी धीर केला. श्मीख नदीच्या दरीत टॉयरिंग्सहोफेनला पंपघर उभं राहिलं आणि फेब्रुवारी १८७१ मध्ये युस्टिंगेन गावात पाणी पोचलं. ते पाहिल्यावर बाकीच्या गावांची रांग लागली. पंपघर आज संग्रहालय झालं आहे. जुनी यंत्रं तेलपाणी करून नीट ठेवली आहेत. मी माझ्या आईला तिथे घेऊन गेले होते. तिला जर्मन येत नाही, पण पाइपावर हात ठेवून तिने विचारलं, "बिल कोण भरतं?"

हा आमच्याकडचा खरा प्रश्न आहे. उपसा योजनांमधून उरमोडीचं पाणी माणमध्ये आलं, जिहे-कठापूरचं आलं, पलीकडे टेंभूची योजना आहे. डोंगर चढून पाणी येतं, हे आता आमच्याकडेही दिसतं. पण पंप विजेवर चालतात आणि वीजबिलाचा घोळ झाला की आवर्तन लांबतं. आल्बच्या गावांनी पाण्यासाठी आपापसांत गट बांधले. त्या गटांचे वारसदार म्हणून गावांच्याच संस्था आजही पाणी पुरवतात. गावाने आपलं पाणी आपल्या ताब्यात ठेवलं, ही मला एमानच्या यंत्राइतकीच मोठी गोष्ट वाटते. एमानचं पाणी आल्बवर चढलं त्याच दशकात, १८७६-७७ च्या दुष्काळात, आमच्याकडे राजेवाडीच्या तलावाचं काम निघालं. उपाशी माणसांनी तिथे दगडमाती वाहिली. तलाव माणच्या हद्दीत आणि ओलित मात्र बरंचसं खाली सांगोला-आटपाडीकडे. लहानपणी बांधावर उभं राहिलं की समोर पाणी आणि पाठीमागे आमची कोरडी रानं दिसायची. पाणी असणं आणि पाणी आपलं असणं यातला फरक मला तिथे दिसला होता. तो नीट कळला आल्बवर.

आणि डॅन्यूब! युरोपातली ही एवढी मोठी नदी आल्बच्या नैर्ऋत्य टोकाला, इमेंडिंगेन गावाजवळ, वर्षातले अनेक दिवस चक्क कोरडी पडते. पात्रातल्या भेगांमधून सगळं पाणी चुनखडीत शिरतं आणि बारा-एक किलोमीटरवर आख नदीच्या झऱ्यातून वर येतं. तिथून ते ऱ्हाइनला जातं. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी उत्तर समुद्राला पोचतं. या पाण्यावरून खालच्या आणि वरच्या लोकांमध्ये भांडण होतं. ते मिटवायला १८७७ मध्ये पात्रात मीठ, तेल आणि रंग ओतून पाहिलं, आणि अडीच दिवसांनी आखच्या झऱ्याला हिरवं पाणी आलं. मी त्या कोरड्या पात्रात उतरून गोट्यांवरून चालले आहे. आमची माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगवते आणि बहुतेक वर्ष वाळूच दाखवते. माणगंगेच्या वाळूत खेळलेल्या बाईला कोरड्या डॅन्यूबमध्ये परकं वाटत नाही. मला त्या दिवशी वाटलं, की या मुलखाशी बोलायला माझ्याकडे पुरेसं आहे.

पाण्यानंतर मेंढरं. आल्बचे उतार पाहिले की पहिल्यांदा वाटतं, हा निसर्ग. तो निसर्ग मेंढरांनी केलेला आहे. शेकडो वर्षं कळप इथे चरले. त्यांनी कोवळी झाडं खाल्ली, काटेरी ज्युनिपरला मात्र तोंड लावलं नाही. म्हणून आज गवताचा माळ आणि त्यावर जागोजाग ज्युनिपरची उभी झुडपं, असं हे रूप दिसतं. कळप थांबले तर काही वर्षांत तिथे रान माजतं आणि माळावरची फुलं, फुलपाखरं, ऑर्किडं जातात. कळप हिवाळ्यात खाली सखल भागात उतरायचे आणि उन्हाळ्यात परत वर. रात्री शेतात मेंढरं बसवायची, म्हणजे लेंडी-मुताचं खत होतं. या बसवण्याच्या हक्काचा गावात लिलाव व्हायचा. बाड उराख गावात मेंढपाळांचा उत्सव १७२३ पासून चालत आला आहे.

आमच्या भागात मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे कोणाला सांगावं लागत नाही. फरक पुढे आहे. आल्बवर मेंढपाळी लोकरीवर आणि मांसावर परवडेनाशी झाली, तेव्हा सरकारने मेंढपाळाला माळ राखण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. तो चारतो म्हणून माळ टिकतो, हे सरकारने मान्य केलं. २००९ मध्ये युनेस्कोने या भागाला जीवावरणाचं राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली, त्यात मेंढरांचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे मात्र माळरानाची नोंद पडीक जमीन म्हणून होते. त्यावर झाडं लावायचे कार्यक्रम होतात, आणि धनगर कळप घेऊन आला की त्याला हाकलतात. माळढोक, लांडगा, तणमोर हे माळावरचे जीव झाडांच्या गर्दीत राहू शकत नाहीत, आणि माळ राखणारा माणूस कागदावर कुठेच नाही. ही चूक आपण दुरुस्त करायला हवी. आल्ब पाहिल्याशिवाय मला हे इतक्या ठामपणे म्हणता आलं नसतं. दूरचा एक मुलूख मन लावून पाहिला की आपल्या मुलखाकडे पाहण्याची नजर येते. परदेशी राहण्याचा मला झालेला हा सर्वांत मोठा लाभ आहे, पगाराहून मोठा.

आल्बवरच्या ग्रुओर्न या उठवलेल्या गावाबद्दलही थोडं. म्युन्सिंगेनजवळ १८९५ पासून लष्कराचं सरावक्षेत्र होतं. ते वाढवताना १९३०च्या दशकाच्या अखेरीस ग्रुओर्न गाव उठवलं. घरं गोळाबारीच्या सरावाला गेली. चर्च आणि शाळेची इमारत उरली. गावातल्या माणसांनी आणि त्यांच्या मुलांनी चर्च दुरुस्त केलं आणि पेन्टेकॉस्टच्या सणाला ती माणसं तिथे जमत राहिली. लष्कर २००५ मध्ये गेलं. कोयनेच्या, उजनीच्या पाण्याखाली गावं गेलेल्या माणसांना याहून जास्त सांगायला नको.

मसुराची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती आमच्या घरातल्या चुलीपर्यंत आली आहे. श्वेबिश माणसाचं रोजचं जेवण म्हणजे मसूर आणि घरी केलेल्या शेवयांसारखं श्पेत्झले. मसूर शिजवून त्यात थोडं व्हिनेगर घालतात. आल्बच्या हलक्या, दगडगोट्याच्या जमिनीत मसूर चांगला यायचा. पण दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त आयात माल आला आणि इथलं पीक बंद पडलं. इतकं, की मूळ वाणाचं बी कोणाकडे उरलं नाही. १९८०च्या दशकात लाउटराख गावात वोल्डेमार माम्मेल या शेतकऱ्याने पुन्हा मसूर पेरायला सुरुवात केली, तीही बाहेरच्या वाणावर. जुन्या वाणाचा शोध चालूच होता. २००६ मध्ये ते बी सापडलं सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बीजसंग्रहात. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला होता, तेव्हा याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी उपासमारीने मरण पत्करलं, पण संग्रहातलं बी खाल्लं नाही. मूठभर दाण्यांपासून वाढवत वाढवत आल्बचा मसूर परत आल्बवर आला. मसुराची वेल नाजूक, म्हणून तिच्याबरोबर आधाराला ओट किंवा जव पेरतात. बाजरीत तूर-मटकी घेणाऱ्या आमच्या घराने हे मिश्रपीक पाहताच ओळखलं. मी त्या मसुराची आमटी करते, कांदा-लसूण मसाला घालून. माझ्या शेजारच्या आजींना ती आवडते. त्या व्हिनेगर टाकून खातात, आणि मी काही बोलत नाही.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप घरातला. "तिकडचं लई कौतुक चाललंय, आपल्या मातीचं काय?" याला माझं उत्तर माझ्या चुलत्यांकडे आहे. माण, खटाव, आटपाडी, विटा या भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. माझे एक चुलते केरळात त्रिचूरला उभं आयुष्य राहिले. ते मल्याळम बोलतात. तिथल्या पूरमच्या उत्सवातल्या हत्तींबद्दल आणि वाद्यांबद्दल ते सांगू लागले की ऐकत राहावं. भाताच्या किती जाती तिथे पिकतात, कुठल्या देवळाचं तळं कधी आटतं, हे त्यांना पाठ. गावच्या सिद्धनाथाच्या यात्रेलाही ते न चुकता येतात. त्यांच्या त्रिचूरच्या प्रेमाने गावचं प्रेम कमी झालं, असं कोणी कधी म्हटलं नाही. मग जर्मनीतल्या भाचीला-पुतणीला का म्हणता?

दुसरा आक्षेप आमच्या परदेशातल्या मराठी माणसांचा, आणि तो बोलून दाखवला जात नाही, जगण्यातून दिसतो. श्टुटगार्टच्या आसपास मराठी माणसं खूप. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून जोडशहरं आहेत. मोटारींच्या धंद्यामुळे पुणे-चाकणशी इथल्या कंपन्यांचं रोजचं येणंजाणं. गणपती उत्तम होतो, दिवाळी पहाट होते, मुलांची मराठी शाळा चालते. यातलं प्रत्येक काम मी स्वतः केलं आहे आणि पुढेही करीन. पण सुट्टी आली की आम्ही पॅरिसला जातो, स्वित्झर्लंडला जातो, आणि अर्ध्या तासावरच्या पठारावर जात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये वेंडलिंगेन ते उल्म हा नवा जलद रेल्वेमार्ग सुरू झाला. तो आल्बच्या पोटातून बोगद्यांनी जातो. आमच्यातली अनेक माणसं आल्बला फक्त तेवढीच भेटतात, अंधारात, मोबाइलची रेंज जाते तेव्हा. कायमचे पाहुणे म्हणून राहण्यात सुरक्षित वाटतं, हे मला समजतं. पण त्यात मुलांचं नुकसान आहे. जन्मापासून जिथे राहतात तो मुलूख त्यांचा नाही, आणि दोन वर्षांतून एकदा जिथे जातात तोही पुरता नाही, अशी ती वाढतात. माझ्या लेकीला मी माणगंगा दाखवली आहे आणि कोरडी डॅन्यूबही. तिला कोणी विचारलं कुठली, तर ती दोन्ही सांगते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध प्रचार करणाऱ्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं मिळाली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. यातली काही मतं माझ्या लाडक्या आल्बवरचीही आहेत. ज्यांना आपण नको आहोत त्यांच्या मुलखावर कसलं प्रेम करायचं, असं माझ्या मैत्रिणी विचारतात. नागरिकत्वाचा गुंताही आहेच. जर्मनीने २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्व मोकळं केलं, पण भारत ते देत नाही, त्यामुळे एक पासपोर्ट सोडावाच लागतो. माझं उत्तर असं, की मतपेटीत काय पडतं ते देशाचं राजकारण आहे, आणि त्यावर बोलायचं तिथे बोलायलाच हवं. पण चुनखडी, झरे, मसूर, माळ यांच्यावर कोणा पक्षाची मालकी नाही. एखादी जागा आपल्याला नाकारली जाईल या भीतीने ती आधीच सोडून देणं मला मान्य नाही.

आणि ज्यांना शंका असते ती माणसं शेजारी उभी राहून काम केल्यावर बोलू लागतात. आल्बवर १८८८ मध्ये स्थापन झालेला एक भटकंती संघ आहे, श्वेबिशर आल्बफेराइन. पायवाटांवर खुणा करायच्या, मनोरे सांभाळायचे, आणि थंडीच्या दिवसांत माळावर वाढलेली खुरटी झाडं तोडायची, ही कामं त्यांचे सभासद करतात. मी सभासद झाले. पहिल्यांदा कोयता-करवत घेऊन माळावर गेले तेव्हा एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, तुम्हाला हे कुठे शिकायला मिळालं? मी सांगितलं, आमच्याकडे वेड्या बाभळी तोडतात. त्यानंतर दुपारपर्यंत आम्ही वेड्या बाभळीवर बोललो. ते आता मला नेहमी पंपघराच्या बातम्या कळवतात.

प्रेम करायला आलेल्या परक्या माणसाला जागा देणं, हे आपल्यालाही जमायला हवं. आणि ते आपल्याला एकेकाळी जमलं होतं. गुंथर सोंथायमर हे जर्मन संशोधक उल्ममध्ये १९३४ साली जन्मले. उल्म म्हणजे आल्बच्या दक्षिणेचा पायथा, १६१ मीटर उंच मनोऱ्याच्या चर्चचं गाव. या गावचा माणूस महाराष्ट्रात आला आणि धनगरांचा झाला. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर त्यांनी आयुष्य घातलं. धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, जेजुरीवर आणि पंढरीच्या वारीवर चित्रपट केले. १९९२ मध्ये ते गेले. त्यांचं काम नसतं तर आमच्याच भागातल्या कितीतरी ओव्या जाणत्या माणसांबरोबर संपल्या असत्या. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून आल्या, कासेगावच्या झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या. त्यांच्या घरातून समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळीला बळ मिळालं, आणि त्या चळवळीत आमच्या दुष्काळी पट्ट्यातली गावं होती. मॅक्सीन बर्नसन फलटणला राहिल्या आणि त्यांनी मुलांना वाचायला शिकवणारी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. या तिघांनी भारतावर प्रेम केलं का, हा प्रश्न मला फार मोठा आणि पोकळ वाटतो. त्यांनी जेजुरीवर, कासेगाववर, फलटणवर प्रेम केलं. तिथे राहून, शिकून, खपून केलं.

उद्या बिहार किंवा ओडिशातून चाकणच्या कारखान्यात आलेला एखादा तरुण सह्याद्रीच्या प्रेमात पडेल, रविवारी राजगड चढेल, वारीच्या वाटेवर पाणी वाटायला उभा राहील. त्याला "तू कुठला?" असं विचारून थांबवू नका. बरोबर घ्या. त्याला मराठी येत नसेल तर चालता चालता येईल.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना माझी विनंती आहे. वर्षातला एक रविवार गणपतीइतक्याच तयारीने राखून ठेवा आणि मुलांना आपल्या घरच्या नळाचं पाणी जिथून येतं तिथे घेऊन जा. तिथल्या एखाद्या शेतकऱ्याला, मेंढपाळाला, पंपघर सांभाळणाऱ्या माणसाला बोलतं करा. जिथे राहता तिथल्या एका स्थानिक संघाचे सभासद व्हा. वर्गणी फार नसते, भाषा मोडकीतोडकी असली तरी चालते. आल्बच्या माळावर काम करणाऱ्या आमच्या गटातली बहुतेक माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत, आणि झाडं तोडायला हात कमी पडत आहेत.